संभवांची बेरीज कशी करावी?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गाचे वनभोजन ठरले होते. शनिवारी सकाळी निघावे, रात्री धर्मशाळेत मुक्काम करावा आणि रविवारी सायंकाळी परतावे, असा बेत होता. गुरुवारी हवामानाचा अंदाज पाहिला, तो पावसाचा संभव शनिवारी ५० टक्के व रविवारीही ५० टक्के असल्याचे कळले. तेव्हा वर्गात गणितात हुशार म्हणून नावाजलेला एक विद्यार्थी उभा राहिला व म्हणाला, "सर, पन्नास आणि पन्नास मिळून शंभर होतात. म्हणजे दोहोंपैकी एका दिवशी तरी पाऊस येणारच. मग मुद्दाम भिजायला कशाला जावयाचे?" बेरीज बिनचूक होती. वर्गाला ती पटली आणि, सांगावयास लाज वाटते, पण आम्हांलाही त्या क्षणी ती पटली. बेत रद्द झाला.

शनिवारी लख्ख ऊन पडले. रविवारीही पडले. सोमवारी वर्गात शिरलो तो चाळीस रुसलेले चेहरे आमच्याकडे पाहत होते. जे खचित घडणार म्हणून आम्ही कबूल केले होते ते घडले नाही. तेव्हा एक तर अंदाज चुकला असला पाहिजे, नाही तर आमची बेरीज. अंदाजाने तर 'पाऊस येईलच' असे कोठेही म्हटले नव्हते. 'येईलच' हा शब्द आमच्या बेरजेतून निघाला होता. त्या दिवशी आम्ही नेहमीचा पाठ बाजूला ठेवला आणि आपली चूक फळ्यावर मांडून तपासली. तोच तपास आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे येथे ठेवीत आहो.

प्रथम संभाव्यता म्हणजे काय ते पाहू. एखादा फासा घ्यावा. त्याला सहा बाजू. फासा नीट घडलेला असेल तर कोणतीही बाजू दुसरीपेक्षा अधिक वेळा वर येण्याचे कारण नाही. 'पाच पडावे' अशी इच्छा असेल तर सहा सारख्या शक्यतांपैकी एक आपल्याला अनुकूल आहे. म्हणून पाच पडण्याची संभाव्यता १/६. जे कधीच घडणार नाही त्याची संभाव्यता ०, जे खात्रीने घडणार त्याची १. बाकी सर्व गोष्टी या दोन अंकांच्या मध्ये कोठे तरी बसतात. ५० टक्के म्हणजे १/२ आणि १०० टक्के म्हणजे पूर्ण १, अर्थात खात्री.

आता 'दोन किंवा पाच पडावे' असे म्हटले तर? अनुकूल बाजू दोन झाल्या. संभाव्यता २/६, म्हणजे १/६ + १/६. येथे सरळ बेरीज चालते. ती का चालते, हे मात्र ध्यानात ठेवावयास हवे. एकाच फेकीत दोनही पडले आणि पाचही पडले, असे होऊ शकत नाही. एक घटना घडली की दुसरीला वाव उरत नाही. अशा घटनांना परस्परवर्जक घटना म्हणतात. परस्परवर्जक घटनांपैकी एखादी घडण्याची संभाव्यता ही त्यांच्या संभाव्यतांच्या बेरजेइतकी असते, हा बेरजेचा पहिला नियम. आंद्रेई कोल्मोगोरोव्ह या रशियन गणितज्ञाने १९३३ साली संभाव्यतेच्या शास्त्राची नव्याने पायाभरणी केली, तेव्हा पायात घातलेल्या मोजक्या दगडांपैकी हा नियम एक होता. भूमितीत जे स्थान गृहीतकांचे, ते या शास्त्रात या नियमाचे आहे.

परंतु सर्व घटना इतक्या अलिप्त नसतात. समजा, चाळीस मुलांच्या वर्गात १८ मुले क्रिकेटच्या चमूत आहेत आणि १५ मुले गायनाच्या वर्गाला जातात. चाळीस चिठ्ठ्यांवर चाळीस नावे लिहून त्या एका भांड्यात टाकल्या व डोळे मिटून एक उचलली. ती खेळाडूची किंवा गायकाची असण्याची संभाव्यता किती? उतावळा विद्यार्थी १८ व १५ मिळवून ३३/४० असे उत्तर देईल. पण खेळून आलेला मुलगा गाऊ नये असा काही नियम नाही. समजा, ७ मुले दोन्हींकडे आहेत. ही सात मुले आपण खेळाडूंत मोजली आणि गायकांतही मोजली. भांड्यात मात्र त्यांच्या चिठ्ठ्या सातच आहेत, चौदा नाहीत. म्हणून दुसऱ्यांदा मोजलेली सात वजा केली पाहिजेत : १८ + १५ − ७ = २६. खरे उत्तर २६/४०.

हाच बेरजेचा व्यापक नियम. दोन घटनांपैकी निदान एक घडण्याची संभाव्यता काढावयाची, तर दोहोंच्या संभाव्यता मिळवाव्या आणि दोन्ही एकदम घडण्याची संभाव्यता त्यातून वजा करावी. घटना परस्परवर्जक असतील तर वजा करावयाची रक्कम शून्य होते आणि हा नियम पहिल्या नियमाचे रूप घेतो. म्हणजे नियम खरोखर एकच. पहिला हा त्याचा केवळ सोपा प्रसंग होय.

येथे आपल्या बोलीतील 'किंवा' या शब्दासंबंधी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. 'चहा घेता किंवा कॉफी?' असे यजमानाने विचारले तर दोन्ही मागणारा पाहुणा विरळा. तेथे 'किंवा' म्हणजे दोहोंपैकी एकच. पण 'ज्याच्याजवळ छत्री किंवा रेनकोट असेल त्याने पुढे यावे' असे म्हटले, तर दोन्ही असलेल्या मुलाला कोणी मागे ठेवीत नाही. गणितातील 'किंवा' हा या दुसऱ्या जातीचा आहे : हे घडो, ते घडो, अथवा दोन्ही घडोत. उदाहरण वाचताना 'किंवा' दिसला की लगेच बेरजेचे चिन्ह मांडू नये. आधी 'दोन्ही एकदम घडू शकतात काय?' हा प्रश्न स्वतःस विचारावा.

हा प्रश्न विचारण्यास मोठमोठे पंडितही चुकले आहेत, हे वाचून आमच्या रुसलेल्या विद्यार्थ्यांचे थोडे समाधान होईल. नाणे दोनदा उडवले तर निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? आमच्या पावसाच्या रीतीने १/२ + १/२ = १, म्हणजे खात्री! ही गोष्ट खोटी आहे हे तर दोनदा काटा पडलेल्या कोणालाही सांगता येईल. द'आलांबेर या नामांकित फ्रेंच गणितज्ञाने इतकी ढोबळ चूक केली नाही, परंतु त्याचेही उत्तर चुकले. फ्रेंच विश्वकोशाच्या १७५४ साली निघालेल्या खंडात त्याने असा विचार मांडला की, पहिल्याच फेकीत छापा पडला तर काम झाले, पुढे फेकण्याचे कारण नाही. नाही तर काटा व मग छापा. नाही तर काटा व पुन्हा काटा. अशा तीन गोष्टी संभवतात, त्यांपैकी दोन अनुकूल, म्हणून २/३. त्याची चूक अशी की, या तीन गोष्टी सारख्या वजनाच्या नाहीत. पहिल्या फेकीत छापा पडणे ही निम्मी वेळा घडणारी गोष्ट. उरलेल्या दोन प्रत्येकी पाव वेळा घडणाऱ्या. दोन्ही फेकी पूर्ण केल्या तर छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा व काटा-काटा असे चार सारखे प्रकार होतात आणि त्यांपैकी तीन अनुकूल ठरतात. उत्तर ३/४. आमच्या नियमानेही तेच येते : १/२ + १/२ − १/४ = ३/४. वजा केलेला पाव म्हणजे छापा-छापा हा प्रकार. तोच भोळ्या बेरजेत दोनदा मोजला गेला होता.

याच जातीचा एक प्रश्न त्याहूनही जुना आहे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये शेव्हालिए द मेरे या नावाने ओळखला जाणारा एक गृहस्थ होता. त्याचा द्यूताच्या हिशोबाचा एक प्रश्न ब्लेझ पास्कालने पिएर द फर्मा यास १६५४ साली लिहिलेल्या पत्रात आला आहे. एक फासा चार वेळा टाकला तर निदान एकदा सहा पडेल अशी पैज लावणे फायद्याचे होते. मग दोन फासे चोवीस वेळा टाकले तर निदान एकदा दोन्ही षटके पडतील ही पैज का तोट्याची ठरावी? सहा प्रकारांशी चाराचे जे प्रमाण, तेच छत्तीस प्रकारांशी चोविसाचे. मग निकाल वेगळा का, असा त्याचा पेच होता.

भोळ्या बेरजेने दोन्ही ठिकाणी २/३ असेच उत्तर येते : चार वेळा १/६, आणि चोवीस वेळा १/३६. ही बेरीज किती फसवी आहे ते पाहावयाचे असेल तर फासा सहा वेळा टाकून पाहावा. सहा वेळा १/६ म्हणजे १. तेव्हा सहा फेकींत सहा पडलेच पाहिजे! घरात ल्यूडो खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे की, आठ-आठ, दहा-दहा फेकी होतात, तरी सोंगटी घराबाहेर निघत नाही. सहा फेकींत एकदाही सहा न पडण्याची संभाव्यता जवळजवळ एक तृतीयांश आहे.

अशा वेळी वजाबाक्या करीत बसण्यापेक्षा एक सोपी वाट आहे. 'निदान एकदा पडणे' आणि 'एकदाही न पडणे' या दोन घटना परस्परवर्जक आहेत आणि त्यांपैकी एक घडल्यावाचून राहत नाही. म्हणून पहिल्या नियमाप्रमाणे त्यांच्या संभाव्यतांची बेरीज १ होते. अशा जोडीला पूरक घटना म्हणतात. 'एकदाही न पडणे' मोजणे सोपे असते. चार फेकींचे एकंदर प्रकार ६ × ६ × ६ × ६ = १२९६. एकदाही सहा न पडण्याचे प्रकार ५ × ५ × ५ × ५ = ६२५. उरले ६७१. म्हणजे १२९६ पैकी ६७१, निम्म्याहून थोडे अधिक, पैज फायद्याची. दोन फाशांच्या चोवीस फेकींचा हिशोब याच रीतीने केला तर सुमारे ०.४९१ येतो, निम्म्याहून थोडा कमी, पैज तोट्याची. पंचवीस फेकी घेतल्या तर मात्र तो निम्म्याच्या वर जातो. एवढ्याशा फरकावर लोकांच्या थैल्या भरत व रिकाम्या होत होत्या!

दोन घटनांचे झाले. तीन असतील तर काय करावे? शाळेतलेच उदाहरण घेऊ. शिक्षकांनी तीन मुलांच्या वह्या तपासल्या आणि नावे न पाहता त्या तिघांना एकेक वाटून टाकल्या. निदान एका मुलाला स्वतःची वही मिळण्याची संभाव्यता किती? मुलांना क, ख, ग म्हणू. प्रत्येकाला आपली वही मिळण्याची संभाव्यता १/३; तिघांची बेरीज १. पण क व ख या दोघांनाही आपापली वही मिळण्याचा संभव आहेच, तो १/६. अशा जोड्या तीन. त्यांचा १/२ वजा करावा. परंतु येथे वजाबाकी थोडी अधिक झाली. तिघांनाही आपापली वही मिळाली हा प्रकार आपण आरंभी तीनदा मिळवला आणि जोड्यांबरोबर तीनदा वजा केला. म्हणजे हिशोबात तो उरलाच नाही. तो एकदा परत मिळवला पाहिजे : १/६. म्हणून १ − १/२ + १/६ = २/३. खात्री करून घ्यावयाची असेल तर वाटपाचे सहाही प्रकार कागदावर लिहून पाहावे. चार प्रकारांत कोणाला तरी आपली वही मिळालेली दिसेल.

मिळवावे, वजा करावे, पुन्हा मिळवावे, अशी ही रीत कितीही घटनांना लागू पडते. चार मुले असतील तर उत्तर ५/८ येते. पाच असतील तर १९/३०. सहा असतील तर ते ०.६३२ च्या आसपास येऊन ठेपते. पुढची गंमत अशी की, मुले चाळीस असोत वा चारशे असोत, हे उत्तर ०.६३२ वरून फारसे हलत नाही! मुले वाढली की कोणाला तरी आपली वही मिळणे सोपे होत जाईल असे एकाला वाटते, अवघड होत जाईल असे दुसऱ्याला वाटते, दोघेही चुकतात. पिएर रेमाँ द मोंमोर या फ्रेंच गणितज्ञाने १७०८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तेरा पत्त्यांच्या एका खेळाच्या निमित्ताने हाच प्रश्न हाताळला होता.

फासे, पत्ते आणि पैजा यांची उदाहरणे पाहून काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. त्यांस आमची विनंती अशी की, या शास्त्राचा उगम जरी द्यूतात झाला असला, तरी द्यूताचा मोह सोडविण्यास याहून चांगले औषध आम्हांस ठाऊक नाही. एक उदाहरण देतो. समजा, एका सोडतीत शंभर तिकिटे आणि बक्षीस एकच आहे. एकाच सोडतीची दहा तिकिटे घेतली तर बक्षीस मिळण्याची संभाव्यता १०/१०० होते. येथे बेरीज बरोबर आहे, कारण दोन तिकिटांना तेच बक्षीस मिळू शकत नाही. परंतु एखादा मनुष्य दर सोडतीत एकेक तिकीट घेत जातो आणि मनाशी म्हणतो, 'शंभरात एक. तेव्हा शंभर सोडती झाल्या की बक्षीस आलेच पाहिजे.' ही आमच्या वनभोजनाचीच बेरीज होय. पूरक घटनेच्या रीतीने हिशोब केला तर, शंभर सोडतींनंतरही त्याला एकदाही बक्षीस न मिळण्याची संभाव्यता सुमारे ०.३७ राहते. अशी शंभर माणसे असतील तर त्यांपैकी साधारण सदतीस रिकाम्या हातांनी घरी जातील. 'आता माझी पाळी आलीच' या भ्रमाने ज्यांनी पगार घालवला, घरातील भांडी मोडीत काढली, अशी माणसे वाचकांच्याही पाहण्यात असतील. त्यांची बेरीज चुकली नव्हती. ती जेथे करू नये तेथे केली होती, एवढेच.

आता पुन्हा आमच्या वनभोजनाकडे वळू. शनिवारी १/२, रविवारी १/२; दोहोंपैकी एका दिवशी तरी पाऊस येण्याची संभाव्यता किती? नियम सांगतो : १ मधून दोन्ही दिवशी पाऊस येण्याची संभाव्यता वजा करावी. ती किती, हे अंदाजाने सांगितले नव्हते आणि आम्ही विचारलेही नव्हते. दोन्ही दिवशी पाऊस येणे अशक्य असते तरच उत्तर १ आले असते. पण शनिवारी भिजलेले आकाश रविवारी कोरडेच राहते असे कोण म्हणेल? दोन दिवसांचा एकमेकांशी नाण्याच्या दोन फेकींइतकाच संबंध, म्हणजे काहीच संबंध नाही, असे धरले तर उत्तर ३/४ येते. परंतु आपल्याकडील पावसाळ्याचा अनुभव निराळा आहे. झड लागली की ती दोन-दोन, तीन-तीन दिवस सुटत नाही. आणि उघडीप पडली की तीही काही दिवस टिकते. म्हणजे दोन्ही दिवस ओले असण्याचा संभव पावापेक्षा अधिक धरावयास हवा, आणि म्हणून एक तरी दिवस ओला असण्याचा संभव ३/४ पेक्षा कमी. तो १/२ पेक्षा मात्र कमी होऊ शकत नाही, कारण एकट्या शनिवारचाच १/२ आहे. तेव्हा खरे उत्तर ५० व ७५ टक्क्यांच्या दरम्यान कोठे तरी होते. दोन्ही दिवस कोरडे जाण्याचा संभव निदान चारात एक होता. तो आम्ही शून्य मानला आणि चाळीस मुलांचा आनंद घालवून बसलो.

ज्या विद्यार्थ्याने ती बेरीज केली त्याला आम्ही दोष देत नाही. प्रश्न विचारणारा विद्यार्थी वर्गाचे भूषण असतो. दोष असेल तर तो न तपासता मान डोलावणाऱ्या आमचा. आकडे खोटे बोलत नाहीत असे म्हणतात, ते खरेच आहे. परंतु आकडे आपण विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतात, आणि प्रश्न अपुरा विचारला तर उत्तरही अपुरेच मिळते. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी दोन संभव मिळविण्यापूर्वी क्षणभर थांबून 'यात काही दोनदा तर मोजले जात नाही ना?' एवढे स्वतःस विचारण्याची सवय लावून घ्यावी. वर्गाच्या पाटीवर ही सवय गुण मिळवून देईल. संसाराच्या पाटीवर ती पैसा, वेळ आणि मनाची शांती वाचवील.

वाचकांच्या करमणुकीसाठी दोन उदाहरणे खाली देतो. उत्तर पाहण्याच्या आधी हिशोब करून पाहावा. पहिले : १ ते ३० या हजेरीक्रमांकांतून एक क्रमांक डोळे मिटून काढला, तर त्याला २ ने किंवा ३ ने निःशेष भाग जाण्याची संभाव्यता किती? दुसरे : दोन फासे एकदम टाकले, तर निदान एकावर सहा पडण्याची संभाव्यता किती? उत्तरे अनुक्रमे २/३ आणि ११/३६. दुसऱ्याचे उत्तर ज्याचे १२/३६ आले असेल, त्याने आमच्या वनभोजनाची गोष्ट पुन्हा एकदा वाचावी. येत्या पावसाळ्यात तो बेत आम्ही पुन्हा आखणार आहो, आणि या खेपेस छत्र्या घेऊन निघणार आहो.